दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य : गोव्यात अर्ज कोणत्या क्रमाने करावा आणि तो कुठे अडकतो

गेल्या काही वर्षांत गावातल्या आणि नात्यातल्या लोकांचे अर्ज भरून देताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. अर्थसाहाय्याचा अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा अर्जदार अपात्र असतो म्हणून नव्हे, तर त्याने कागद उलट्या क्रमाने गोळा केलेले असतात म्हणून. माणूस आधी मामलेदार कार्यालयात जाऊन उत्पन्नाचा दाखला काढतो, मग वैद्यकीय मंडळाच्या तारखेची वाट पाहतो, आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र हातात येते तोवर तो दाखला जुना झालेला असतो. दाखला नवा काढावा तर प्रमाणपत्रावरचे नाव आधार कार्डाशी जुळत नाही, असे कळते. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व दिले आहे : आधी नाव, मग वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ज्यांची मुदत संपते असे दाखले सर्वांत शेवटी.

टप्पा १ : आपण कोणत्या योजनेत बसतो ते आधी ठरवा

गोव्यात बहुतेकांचा संबंध येतो तो दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेशी. लोक तिला सरसकट 'दयानंद' म्हणतात आणि ती केवळ ज्येष्ठांसाठी आहे असे समजतात. प्रत्यक्षात तीत दिव्यांग प्रौढ आणि दिव्यांग मुले यांचे वेगळे वर्ग आहेत. अर्जदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : किमान ४० टक्के अपंगत्व, गोव्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, आणि मर्यादेच्या आतले उत्पन्न. मूळ मासिक रक्कम २,००० रुपये आहे आणि ९० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असल्यास ती ३,५०० रुपये होते.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना निराळी आहे. तिच्यासाठी ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व, १८ ते ७९ हे वय आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या अटी असून केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. दोन्ही योजनांच्या अटी एकत्र कालवून 'ऐंशी टक्के नसतील तर काहीच मिळत नाही' असे सांगणारे लोक प्रत्येक वाड्यावर भेटतात. त्यांच्या शब्दावर विसंबून अर्जच न करणारेही मी पाहिले आहेत.

उत्पन्नाची अट नीट समजून घ्यावी, कारण इथे सर्वाधिक गोंधळ होतो. विचार होतो तो दरडोई वार्षिक उत्पन्नाचा, म्हणजे घरातल्या सर्वांचे वर्षाचे उत्पन्न भागिले घरातली माणसे. हे दरडोई उत्पन्न योजनेतून वर्षाला मिळणाऱ्या रकमेपेक्षा कमी असावे लागते. महिना २,००० रुपयांच्या हिशेबाने ती रक्कम २४,००० रुपये होते. समजा घरात पाच माणसे आहेत आणि एकटा मुलगा महिना ९,००० रुपये मिळवतो. वर्षाचे १,०८,००० रुपये, दरडोई २१,६००. हे कुटुंब मर्यादेत बसते. तोच मुलगा महिना १०,००० रुपये मिळवत असेल, तर दरडोई आकडा नेमका २४,००० वर येतो आणि 'पेक्षा कमी' ही अट मोडते. म्हणून अंदाजाने 'साधारण लाखभर' असे लिहू नये. आकडा मांडून पाहावा.

सावधान : घरातला कोणी तारवावर किंवा आखातात असेल, तर त्याने घरी पाठवलेले पैसे हेही घराचे उत्पन्नच आहे. ते लपवण्याचा किंवा अर्जापुरते रेशन कार्ड वेगळे करून घेण्याचा सल्ला देणारे मंजुरीनंतर चौकशी आली की जवळपास फिरकत नाहीत. दिव्यांग व्यक्तींसाठी असलेला लाभ लबाडीने घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

टप्पा २ : नाव, जन्मतारीख आणि पत्ता एक करून घ्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो ओलांडून पुढे जातात, आणि महिन्याभराने पुन्हा इथेच येतात. माझ्या थोरल्या भावाच्या अर्जात मीही हीच चूक केली. आधारवर त्याचे पूर्ण नाव होते, रेशन कार्डावर घरगुती नाव, आणि बँकेच्या पासबुकात नुसते आद्याक्षर. प्रमाणपत्र आधारवरच्या नावाने निघाले, अर्ज रेशन कार्डावरच्या नावाने भरला गेला, आणि दोन्ही माणसे एकच आहेत हे पटवण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला.

आधार, जन्मदाखला, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड आणि पासबुक हे पाच कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडा. अर्जदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि घर क्रमांक एकेका कागदावर बोट ठेवून वाचा. वाचताना रोमन लिपीतल्या स्पेलिंगकडेही लक्ष द्या, कारण संगणकात तेच जाते.

गोव्यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली जुन्या जन्मदाखल्यांची. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले असते; 'परब' तिथे 'पोरोबो' होतो आणि 'नाईक' पाच तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पुढच्या पिढीच्या दाखल्यावरही वडिलांचे नाव त्याच वळणाचे राहते. नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरेल का, ते संबंधित कार्यालयात विचारून घ्या. नावच वेगळे असेल, तर ते जन्मनोंदणीत किंवा १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्यानुसार रीतसर दुरुस्त करावे लागते. हे काम वैद्यकीय मंडळाकडे जाण्यापूर्वी हाती घ्या.

दुसरी अडचण पत्त्याची. मुंडकाराच्या घरात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात, राहणाऱ्या कुटुंबाची घरपट्टी किंवा विजेचे बिल अनेकदा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर असते. अशा वेळी भाटकाराच्या नावाचे बिल आपल्या अर्जाला जोडू नका. तिथून नुसते प्रश्नच निघतात. त्या घर क्रमांकावर असलेले स्वतःचे मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड आणि पंचायतीचा दाखला यांवर भर द्या.

पडताळणी : पाचही कागदांवर नाव एकच आहे का? नसल्यास आधी आधार पक्के करा, मग त्याच्याशी जुळवून बाकीचे. उलट क्रमाने गेल्यास दोनदा दुरुस्ती करावी लागते.

टप्पा ३ : वैद्यकीय कागदांची फाइल तयार करा

वैद्यकीय मंडळ बघून अंदाज बांधत नाही, मोजमाप करते, आणि त्या मोजमापाला आधार लागतो. आजार कधी सुरू झाला, कोणते उपचार झाले, आता स्थिती काय आहे, हे सांगणारे कागद तारखेच्या क्रमाने लावा. सर्वांत जुना खाली, सर्वांत नवा वर. रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण, एमआरआय, ऐकण्याची चाचणी, डोळ्यांचा तपासणी कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी, असे सगळे त्यात यावे. लहान मुलांच्या बाबतीत जन्माच्या वेळची नोंद आणि शाळेतला किंवा उपचार केंद्रातला अहवाल फार उपयोगी पडतो. मूळ कागद एका पिशवीत आणि झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकची फाइल घ्या. आपल्याकडे जूनपासून साधा कागद हातात नेला की भिजतोच.

पक्षाघातासारखा आजार नुकताच झाला असेल आणि सुधारणा चालू असेल, तर मंडळ काही महिने थांबायला सांगते किंवा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देते. तो नकार नव्हे, आणि तेवढ्यावरून कोणाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

टप्पा ४ : यूडीआयडीची नोंदणी

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांसाठी आता एकच अर्ज आहे आणि तो केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर भरतात. मोबाइल, आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा एवढे लागते. घरी जमत नसेल तर नागरी सेवा केंद्रात जावे, पण तिथे दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. मोबाइल क्रमांक आपला किंवा घरातल्याचा असावा, केंद्रचालकाचा नसावा. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. आणि अपंगत्वाचा प्रकार बरोबर निवडलेला असावा.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतली काही नावे एकमेकांसारखी वाटतात. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे दोन वेगळे प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी आणि हातापायांचे इतर अपंगत्व यांचेही तसेच. एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर सर्व नोंदवा. एकच नोंदवले तर मोजमापही त्या एकाचेच होते.

रुग्णालय निवडताना नुसते जवळचे पाहू नका. म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमतेसाठी बांबोळीचीच आयपीएचबी ही मनोरुग्णालय संस्था, यांपैकी आपल्या प्रकाराची तपासणी कुठे होते आणि मंडळ कोणत्या वारी बसते, हे आधी चौकशी खिडकीवर विचारून घ्या. काणकोणहून पहाटेची बस धरून आलेल्या माणसाला 'आज त्या विभागाचे डॉक्टर बसत नाहीत' हे दहा वाजता कळणे फार वाईट असते.

पडताळणी : अर्ज भरल्यावर मिळालेला नोंदणी क्रमांक छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि मोबाइलमध्येही त्याचा फोटो ठेवा.

जुने, हाताने लिहिलेले प्रमाणपत्र असलेल्यांनीही ही नोंदणी करावी. जुने प्रमाणपत्र पोर्टलवर चढवता येते. ते पुसट झाले असेल किंवा त्यावरचा शिक्का वाचता येत नसेल, तर मात्र पुन्हा तपासणीला बोलावले जाण्याची तयारी ठेवा.

टप्पा ५ : वैद्यकीय मंडळासमोर

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण अवघडलेपणामुळे त्रास कमी करून सांगतात. 'तसे चालते माझे' असे म्हणणाऱ्या बाईला अंघोळीला मुलीची मदत लागते, हे तिच्या तोंडून येतच नाही. काही जण नेमके उलट वागतात. एका तपासणीच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ चष्मा मुद्दाम घरी ठेवून आले होते, कारण कोणीतरी त्यांना सांगितले होते की चष्म्याशिवाय टक्केवारी जास्त येते. दृष्टीचे मोजमाप योग्य चष्मा लावूनच होते. डॉक्टरांनी शांतपणे त्यांना चष्मा घेऊन परत यायला सांगितले आणि गृहस्थांचा दिवस वाया गेला. श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, कॅलिपर, कुबड्या, जे रोज वापरता ते सगळे सोबत न्या.

अडचण सांगताना कामाच्या भाषेत सांगा. 'पाय दुखतो' यापेक्षा 'पायरी चढताना कठडा धरावा लागतो, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, बाजाराची पिशवी घेऊन अंगणापलीकडे जाता येत नाही' हे डॉक्टरांना उपयोगी पडते. कर्णबधिर किंवा बोलण्यात अडचण असलेल्या व्यक्तीसोबत तिच्या खुणा समजणारे माणूस असावे, मात्र त्याने तिच्या वतीने उत्तरे देत सुटू नये. मानसिक आजाराच्या बाबतीत रुग्णासोबत राहणारी व्यक्ती येणे जवळजवळ आवश्यकच समजा, कारण त्या मोजमापात स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद आणि काम या चार गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांची खरी माहिती घरच्यांकडेच असते.

टप्पा ६ : हाती आलेले प्रमाणपत्र खिडकीवरच वाचा

नाव, जन्मतारीख, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, आणि प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, हे पाच रकाने तिथेच तपासा. कार्डाच्या रंगावरून टक्केवारीचा गट कळतो : ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरे कार्ड मिळाले म्हणजे अपंगत्व मान्य झाले, परंतु ते मासिक अर्थसाहाय्याला पुरत नाही.

टक्केवारीबद्दलच्या तक्रारी बहुधा दोन गैरसमजांतून येतात. एक डोळा पूर्ण गेला म्हणजे पन्नास टक्के, असे साधे गणित लोक मांडतात. दुसरा डोळा चांगला असल्यास नियमांनुसार ते ३० टक्केच धरले जाते. दुसरा गैरसमज बेरजेचा. पायाचे ५० टक्के आणि कानाचे ३० टक्के मिळून ८० होत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात : ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणायचे आणि ९० ने भागायचे. इथे ९० वजा ५० म्हणजे ४०. ४० गुणिले ३० म्हणजे १,२००. भागिले ९० म्हणजे साधारण १३. ते ५० मध्ये मिळवले की ६३ टक्के होतात. अशा व्यक्तीला राज्याच्या योजनेचा मार्ग मोकळा आहे, केंद्राच्या ८० टक्क्यांच्या योजनेचा नाही.

हिशेब करूनही मोजमाप चुकले आहे असे वाटत असेल, तर २०१६ च्या त्याच दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अपिलात नुसती नाराजी लिहू नका. कोणती चाचणी झाली नाही, कोणता अहवाल पाहिला गेला नाही, किंवा कोणते दुसरे अपंगत्व मोजलेच नाही, ते नेमके लिहा आणि तो कागद जोडा.

टप्पा ७ : आता मामलेदार कार्यालय

प्रमाणपत्र हातात आल्यावरच रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी अर्ज करा. दोन्ही मामलेदारांकडून मिळतात आणि अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरूनही भरता येतो. रहिवासी दाखला मागताना तो १५ वर्षांच्या वास्तव्याचा हवा आहे हे स्पष्ट लिहा. 'सध्या इथे राहतो' एवढेच म्हणणारा दाखला चालत नाही. पुरावा वेगवेगळ्या वर्षांचा असावा : जुने रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मुलांचे गोव्यातले जन्मदाखले, जुनी घरपट्टीची पावती. लग्न होऊन सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून आलेल्या स्त्रियांना इथे विशेष अडचण येते, कारण त्यांच्या नावावर सुरुवातीच्या वर्षांचा कागदच नसतो. विवाह नोंदणीचा दाखला आणि मतदार यादीतली आपल्या नावाची पहिली नोंद त्यांनी शोधून ठेवावी.

तलाठी चौकशीला येतील तेव्हा घरात उत्पन्नाबद्दल एकच उत्तर देता आले पाहिजे. अर्जात एक आकडा, आजीच्या तोंडी दुसरा आणि शेजाऱ्याच्या तोंडी तिसरा, असे झाले की फाइल खाली जाते.

टप्पा ८ : बँक खाते आणि अर्ज

खाते अर्जदाराच्या नावाचे आणि चालू स्थितीतले असावे. केवायसी राहून गेले असेल तर आधी पूर्ण करा, आधार जोडलेला आहे ना ते विचारा. मूल असल्यास पालकासह खाते लागते. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविध अपंगत्व असलेली व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे फार उशिरा कळते. त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते, आणि तो दाखला बँकेत चालतो. मूल सतरा वर्षांचे झाले की त्याची चौकशी सुरू करा.

अर्ज भरताना रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तर तसे लिहा. आपल्या नावावर दुसरी एखादी योजना चालू असेल, उदाहरणार्थ गृहिणींसाठीची राज्याची गृह आधार योजना, तर तिची नोंद करा. एकच नाव दोन योजनांत असल्याचे संगणकात दिसले की चालू असलेलीही थांबू शकते.

सावधान : भरलेला अर्ज 'साहेबांच्या कार्यालयात देतो' असे म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती सोपवू नका. तो माणूस भला असेलही, पण तारीख आणि शिक्का असलेली पोच तुमच्याकडे नसेल, तर तुमचा अर्ज पोहोचला होता हे तुम्हाला कधीच दाखवता येणार नाही. कागदांची यादी दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या.

टप्पा ९ : मंजुरीनंतर

मंजुरीचे पत्र आले की त्यावरचा क्रमांक पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. पहिली रक्कम जमा झाली की पासबुक भरून घ्या. नुसत्या मोबाइल संदेशावर विसंबू नका. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो चुकला की रक्कम थांबते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या घरच्यांनी मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल, तर ती संपण्याच्या सहा महिने आधीच पुन्हा तपासणीचा अर्ज करा. विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) असलेल्या मुलांची तपासणी ८, १४ आणि १८ व्या वर्षी होते, ती वर्षे घरच्या कॅलेंडरवर आताच लिहून टाका.

पत्ता, बँक किंवा मोबाइल बदलल्यास योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याला लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या. लाभार्थ्याचे निधन झाल्यास मृत्युदाखल्याची प्रत जोडून घरच्यांनी तेही लवकर कळवावे, कारण त्यानंतर बँक खात्यात जमा झालेले पैसे काढले, तर ते परत भरायला सांगणारे पत्र वारसांच्या नावाने येते.